साक्षीदाराला दुसऱ्या साक्षीदाराची सही आठवत नाही. नोंदणीकृत मृत्युपत्र शाबीत होईल का?

दिवाणी_ज्युनियर

दावा २०२५ मध्ये दाखल झालेला, वरिष्ठ स्तर न्यायालयात. आम्ही वादीतर्फे. वादी धाकटा मुलगा, प्रतिवादी थोरला मुलगा आणि दोन मुली, सगळे हिंदू. आईचं मृत्युपत्र टाइप केलेलं, ४ पानी, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं. पहिल्या तीन पानांवर बाईंचा अंगठा, चौथ्यावर सही. सहीखाली दोन साक्षीदार, आणि त्याच्याही खाली 'मसुदा तयार करणार' म्हणून टायपिंग करणाऱ्याची सही. दुसऱ्या पानावर एका ओळीच्या डोक्यावर पेनाने 'व त्यालगतची मोकळी जागा' असे शब्द घातलेत. शेजारी कोणाचीच सही नाही.

पहिल्या साक्षीदाराचं सरतपासणीचं (आमच्या बाजूने द्यायच्या साक्षीचं) शपथपत्र झालं. त्यात एवढंच आहे: "मयतांनी माझ्यासमक्ष सही केली व मी साक्षीदार म्हणून सही केली." उलटतपासणीत तो म्हणाला, "दुसरा साक्षीदार तेव्हा तिथे होता की नाही, आठवत नाही. त्याने सही कधी केली ते सांगता येणार नाही." त्यानंतर आमच्याकडून फेरतपासणी घेतली नाही. दुसरा साक्षीदार हयात आहे, परगावी असतो, पण तो वादीचा मेहुणा लागतो म्हणून त्याला पिंजऱ्यात आणायचं नाही असं सुरुवातीलाच ठरलं होतं. पुरावा संपल्याची पुरसिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) अजून दिलेली नाही.

मला विचारायचंय ते असं. दस्त नोंदणीकृत आहे, मग एवढ्या पुराव्यावर भागेल का? टायपिंग करणाऱ्याला किंवा निबंधकांना दुसरा साक्षीदार धरता येईल का? साक्षीदाराला आठवत नसेल तर इतर पुराव्याने शाबीत करता येतं असं कलम आहे, ते इथे चालेल का? आणि पेनाने घातलेल्या शब्दांचं काय?

कैफियत_आणि_मुद्दे

पुरसिस दिली नाही हे फार चांगलं झालं. देऊ नका. आजच्या पुराव्यावर निकाल लागला तर मृत्युपत्र शाबीत झालेलं नाही असाच लागेल, आणि तो बरोबर असेल.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ चं कलम ६३ समोर ठेवा. कर्त्याने, म्हणजे मृत्युपत्र करणाऱ्याने, सही किंवा खूण करायची, किंवा त्याच्या समक्ष आणि त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्या कोणी ती करायची. ती सही अशा जागी हवी की खालचा-वरचा मजकूर मृत्युपत्र म्हणून अमलात यावा असा हेतू त्यातून दिसेल. मग खंड (सी): किमान दोन साक्षीदार. प्रत्येकाने एक तर कर्त्याला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा दुसऱ्याने कर्त्याच्या समक्ष व सांगण्यावरून केलेली सही पाहिलेली असावी, किंवा 'ही माझी सही' अशी कबुली कर्त्याकडून स्वतः मिळालेली असावी. आणि प्रत्येक साक्षीदाराने कर्त्याच्या समक्ष सही केलेली असावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर हवेत असं कायदा म्हणत नाही, साक्षांकनाचा, म्हणजे साक्षीदार म्हणून सही करण्याचा, ठरावीक नमुनाही नाही.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. साक्षीदार वेगवेगळ्या वेळी आले तरी मृत्युपत्र वैध असू शकतं. पण ते शाबीत करताना दोघांचंही साक्षांकन कोर्टापुढे यावं लागतं. पुरावा कायद्याचं जुनं कलम ६८ म्हणतं की किमान एक साक्षीदार तपासा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये तेच कलम ६७ आहे. तुमचा दावा १ जुलै २०२४ नंतरचा, म्हणून नवे क्रमांक लिहा. त्याआधीपासून प्रलंबित दाव्यांना जुनाच कायदा लागू राहतो. 'किमान एक' वाचून अनेक जण फसतात. एकच साक्षीदार आणायचा तर त्या एकाच्या तोंडून कर्त्याची सही, स्वतःचं साक्षांकन आणि दुसऱ्याचं साक्षांकन, हे तिन्ही यायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने जानकी नारायण भोईर विरुद्ध नारायण नामदेव कदम या २००३ च्या निकालात नेमकं हेच सांगितलं. तिथे एक साक्षीदार तपासला, त्याला दुसऱ्याबद्दल सांगता आलं नाही, दुसरा उपलब्ध असून तपासला नाही, आणि मृत्युपत्र पडलं.

तुमच्या 'आठवत नाही' वाल्या कलमाचं उत्तरही त्याच निकालात आहे. जुनं ७१, आता ७०. साक्षीदाराने करून दिल्याचं नाकारलं किंवा त्याला आठवलं नाही, तर इतर पुरावा देता येतो. पण दुसरा साक्षीदार हयात आणि मिळण्याजोगा असताना त्याला न बोलावता हे कलम वापरता येत नाही. आधी सगळे साक्षीदार संपवा, मग त्या कलमाकडे या.

अजून एक, तुमच्या प्रश्नातून सुटलेलं. पहिल्या साक्षीदाराचं शपथपत्र पुन्हा वाचा. "मी साक्षीदार म्हणून सही केली." कोणासमक्ष? बाईंच्या समक्ष असं त्यात कुठेही नाही. म्हणजे दुसऱ्याचंच नाही, पहिल्याचं साक्षांकनही अर्धवट आहे. "त्यांच्या समक्ष" एवढे दोन शब्द राहिले की वरिष्ठ न्यायालयापर्यंत तोच मुद्दा पुरतो.

निशाणी_४१

नोंदणी, टायपिंग करणारा आणि निबंधक यांच्यापुरतं लिहितो.

मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, नोंदणी अधिनियम, १९०८ चं कलम १८. मुद्रांक शुल्कही लागत नाही. इतर साक्षांकित दस्तांना पुरावा कायद्यात सवलत आहे: नोंदणीकृत असेल आणि करून दिल्याचं कोणी विशेषत्वाने नाकारलं नसेल, तर साक्षीदार बोलावायची गरज नाही. त्याच परंतुकात (कलमाला जोडलेल्या अपवादात) मृत्युपत्र वगळलेलं आहे. म्हणून नोंदणीचा उपयोग ओळख, तारीख, फोटो, बाई कार्यालयात गेल्या होत्या, एवढं दाखवायला होतो, आणि तो उपयोग लहान नाही. पण साक्षांकनाची जागा ती घेत नाही. नोटरीचा शिक्का तर याहून दूरची गोष्ट.

निबंधकांना साक्षीदार धरता येत नाही असं नाही. तीन गोष्टी लागतात: बाईंनी त्यांच्यापुढे सही केली किंवा कबूल केली, निबंधकांनी स्वतःची सही बाईंच्या समक्ष केली, आणि ती साक्षांकन करण्याच्या हेतूने केली. पहिली बहुतेक वेळा असते. दुसरी अडते, कारण पृष्ठांकनावरच्या (दस्तावर निबंधक करतात त्या नोंदणीच्या नोंदीवरच्या) सह्या पुष्कळदा पक्षकार उठून गेल्यावर होतात. तिसरी त्याहून अवघड: निबंधक सही करतात ती कायद्याने नेमून दिलेलं काम म्हणून. आणि हे तिन्ही सांगायला त्यांना पिंजऱ्यात यावं लागेल. नुसत्या पृष्ठांकनावरून साक्षांकन वाचता येत नाही.

नोंदणीच्या वेळी ओळख पटवणारे दोघं असतात. त्यांच्याबद्दलही हेच. ते सांगतात की ही बाई तीच आहे, त्यांची सही त्यासाठी. मृत्युपत्राचे साक्षीदार तेच असतील तर ठीक, वेगळे असतील तर त्यांना आपोआप साक्षीदार म्हणता येत नाही.

टायपिंग करणाऱ्याचंही सूत्र तेच, हेतू कशाचा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये अब्दुल जब्बार साहेब यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं: सही साक्षांकनाच्या हेतूने हवी. दुसऱ्याच कामासाठी, उदाहरणार्थ लेखनिक किंवा ओळखदार म्हणून, सही केली असेल तर तो साक्षीदार नव्हे. तुमच्या दस्तावर त्याच्या सहीवर 'मसुदा तयार करणार' असं लिहिलंय, म्हणजे हेतू कागदानेच सांगून टाकला. कोणत्याही शीर्षकाशिवाय साक्षीदारांच्या रांगेत सही असती तर बोलता आलं असतं. तरी त्याला तपासायला हरकत नाही, परिस्थिती सांगायला तो उपयोगी पडेल. पण दुसरा साक्षीदार म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

विधी_वाचक

मेहुणा साक्षीदार असेल तर मुळात मृत्युपत्रच रद्द होत नाही का? साक्षीदाराला लाभ असेल तर देणगी रद्द, असं उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६७ मध्ये आहे ना?

कैफियत_आणि_मुद्दे

दोन कारणांनी नाही. कलम ६७ साक्षीदार आणि त्याचा नवरा किंवा बायको यांच्यापुरतं आहे. साक्षीदाराची बहीण किंवा बहिणीचा नवरा त्यात येत नाही. आणि तिथेही रद्द होते ती त्या माणसाला दिलेली देणगी, साक्षांकन टिकतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्या मृत्युपत्रांना या अधिनियमाची कोणती कलमं लागू ते कलम ५७ आणि तिसरी अनुसूची सांगतात. त्या यादीत ६३ आहे, ६८ आहे, पण ६७ नाही. पारशी व ख्रिश्चन मृत्युपत्रांत ६७ पाहावंच लागतं. मुस्लिम मृत्युपत्राला तर कलम ६३ च लागू नाही, तो कायदाच वेगळा.

नातेवाईक साक्षीदार अपात्र नसतो. त्याच्या साक्षीचं वजन किती, एवढाच प्रश्न. त्याला लपवलं की मात्र प्रश्न वाढतो: वादीने हाताशी असलेला साक्षीदार का आणला नाही? मेहुणा आहे म्हणून कमी वजनाची साक्ष आणि साक्षच नाही, यात पहिली कितीतरी बरी.

विरुद्ध_बाजू

प्रतिवादीच्या वकिलाच्या खुर्चीतून ही फाइल कशी दिसते ते सांगतो. मेहुण्याला आणल्यावर त्याला तोंड द्यावं लागणार आहे ते यालाच.

सगळ्यात आधी मूळ दस्त कोर्टात मागवून घेतात आणि चौथं पान बघतात. मजकुराची शेवटची ओळ आणि सही यांत किती जागा आहे? सहीच्या वर ओळी दाटीवाटीने बसवल्यात का, की शेवटच्या परिच्छेदात अक्षरांतलं अंतर एकदम कमी झालंय? सही आधी आणि मजकूर मागाहून, हा संशय तिथून निघतो. दुसरं, पहिली तीन पानं आणि चौथं पान एकाच कागदाची, एकाच टाइपची, एकाच समासाची आहेत का. पिना काढून पुन्हा मारल्याची भोकं आहेत का. प्रत्येक पानावर सही हवी असं कलम ६३ म्हणत नाही, पण पान बदललं का हा प्रश्न सही नसलेल्या पानावरच उठतो.

आणि तुमच्या दस्तातली उघडी जागा: तीन पानांवर अंगठा आणि चौथ्यावर सही. जी बाई सही करू शकते तिने अंगठा का केला? खुलासा साधा असू शकतो, हात थरथरत होता, चार सह्या झेपल्या नाहीत, एक केली. पण तो साक्षीदाराने सांगायला हवा, वकिलाने युक्तिवादात सांगून चालत नाही. आणि क्रमही सुसंगत हवा. अंगठे आधी आणि सही शेवटी, तर 'हात थकला' हे कारण जुळत नाही. सही आधी झाली असेल तर जुळतं.

संशयास्पद परिस्थिती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र मांडणाऱ्यावर आहे. १९५९ चा वेंकटचल अय्यंगार यांचा निकाल आजही याचा पाया आहे. फसवणूक, जबरदस्ती, दबाव असं प्रतिवादीने म्हटलं तर ते शाबीत करायची जबाबदारी त्याची. पण त्याने तसं काही म्हटलं नसेल तरी कागदावर आणि परिस्थितीत दिसणारा संशय वादीलाच झाडावा लागतो. मी ज्यावर बोट ठेवेन ते हे: लाभार्थी स्वतः सगळी धावपळ करत होता का, मसुद्याच्या सूचना कोणी दिल्या, टायपिंगचे पैसे कोणी दिले, दस्त कोणाच्या ताब्यात होता, मृत्यूनंतर किती काळ तो बाहेर आला नाही, मुलींना का वगळलं याचं एक वाक्य तरी आत आहे का. यातली एकेक गोष्ट एकटी काही सांगत नाही. मुलींना काही दिलं नाही एवढ्यावर मृत्युपत्र पडत नाही, मृत्युपत्र करायचंच असतं ते वारसाहक्काचा नेहमीचा क्रम बदलायला. चार गोष्टी एकत्र आल्या आणि एकीचाही खुलासा नाही, की मग कोर्टाची सदसद्विवेकबुद्धी समाधान पावत नाही.

पेनाने घातलेल्या शब्दांचं उत्तर उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ७१ मध्ये आहे. मृत्युपत्र करून दिल्यानंतरची खाडाखोड, ओळीमधली भर किंवा बदल याला परिणाम नाही, जोवर तोही मृत्युपत्रासारखाच सही-साक्षांकित होत नाही. त्या बदलाजवळ समासात कर्त्याची आणि साक्षीदारांची सही असली तरी पुरतं. तुमच्याकडे तसं काही नाही. म्हणून भर सहीच्या आधीची होती हे दाखवता आलं नाही तर 'व त्यालगतची मोकळी जागा' एवढं गळेल, बाकीचं मृत्युपत्र त्यामुळे जात नाही. त्या मोकळ्या जागेसाठी सगळा दस्त धोक्यात घालू नका. मला विचाराल तर वादीने ती भर सोडून द्यावी हेच शहाणपणाचं. नोंदणी कार्यालयातली स्कॅन केलेली प्रत मात्र आधी मागवा. त्या प्रतीत ते शब्द असतील तर निदान नोंदणीपूर्वी होते हे ठरतं. नसतील, तर मूळ दस्तात मागाहून हात घातला गेला हे तुम्हाला माझ्याआधी कळलेलं बरं.

हस्ताक्षर_तपास

सही आणि अंगठ्याच्या तज्ज्ञ तपासणीबद्दल.

तपासणी मूळ कागदावरच करा. झेरॉक्सवर दाब दिसत नाही, पेन कुठे उचललं ते दिसत नाही, शाईचं वळण दिसत नाही. ताडून पाहायला मान्य सह्या हव्यात, त्याही मृत्युपत्राच्या आसपासच्या काळातल्या. बँकेतलं नमुना सहीचं कार्ड पंचवीस वर्षांपूर्वीचं असेल तर म्हाताऱ्या हाताशी त्याची तुलना फसवी ठरते. पेन्शनचे हयातीचे दाखले, त्या वर्षातले धनादेश, दुसऱ्या एखाद्या दस्तावरची सही, हे शोधा. वाद सुरू झाल्यानंतरच्या सह्या कमी विश्वासाच्या.

वयाचा कंप आणि नक्कल करणाऱ्याचा कंप वेगळा दिसतो. वयाचा कंप अनियमित असतो: एक वळण थरथरलेलं, पुढची रेघ सराईत, शेवटी हात सुटल्यासारखा. नक्कल करणारा हळू चित्र काढतो, म्हणून रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची, दाब एकसारखा, आणि नको तिथे पेन थांबलेलं. भिंगाखाली अक्षराच्या मध्येच शाईचा ठिपका साठलेला दिसतो, तो त्या थांब्याचा.

अंगठा सहीपेक्षा पक्का पुरावा, पण उमटलेला असेल तरच. जास्त शाई लावून दाबलेला अंगठा नुसता काळा डाग होतो, रेषा मिटतात, आणि तज्ज्ञ 'तुलना करता येत नाही' असा अहवाल देतो. तो अहवाल कोणाच्याच बाजूचा नसतो. तुमच्या तीन ठशांपैकी एक जरी स्पष्ट असला तर नोंदणीच्या वेळी घेतलेल्या ठशाशी ताडून बघण्याचा अर्ज द्या.

हेही लक्षात ठेवा: तज्ज्ञाने सही बाईंचीच आहे असं शंभर टक्के सांगितलं, तरी त्यातून सही शाबीत होते, साक्षांकन नाही. सही खरी आणि मृत्युपत्र नाशाबीत, असं होऊ शकतं आणि होतं.

दिवाणी_ज्युनियर

सगळ्यांचे आभार. मेहुण्याशी आज फोनवर बोलणं झालं. त्याचं म्हणणं असं: बाई आतल्या खोलीत खाटेवर बसलेल्या. त्याने दारातून त्यांना सही करताना पाहिलं. मग वादीने कागद बाहेरच्या खोलीत आणला आणि मेहुण्याने तिथल्या टेबलावर सही केली. दार उघडं होतं. पहिल्या साक्षीदाराने आत, खाटेपाशीच सही केली, तीही त्याला दारातून दिसली. हे 'समक्ष' होतं का? आणि त्याला आणायचं तर पुढची पावलं कोणती?

निशाणी_४१

'समक्ष' म्हणजे एकाच खोलीत असंच नाही. बाईंनी मान वळवली असती तर साक्षीदार सही करताना त्यांना दिसला असता का, आणि त्या तेव्हा शुद्धीवर, भान असलेल्या होत्या का, ही कसोटी. त्यांनी प्रत्यक्ष पाहिलंच पाहिजे असं नाही, पाहता येण्याजोगं असावं. १७८१ चा कॅसन विरुद्ध डेड हा इंग्लंडमधला निकाल यासाठी आजही पाठ्यपुस्तकांत शिकवतात. मृत्युपत्र करणारी बाई वकिलाच्या कचेरीबाहेर घोडागाडीत बसलेली, साक्षीदार आत सह्या करत होते. गाडीची खिडकी आणि कचेरीची खिडकी समोरासमोर आली होती, तिला आतलं दिसू शकत होतं, एवढ्यावर साक्षांकन टिकलं.

म्हणून तुमच्या प्रकरणात सगळं त्या खोलीच्या आखणीवर आहे. खाट कुठल्या भिंतीला, बाईंचं तोंड कोणत्या बाजूला, टेबल दाराच्या रेषेत की भिंतीआड? टेबल भिंतीआड असेल तर दार उघडं असून उपयोग नाही. मेहुण्याला घेऊन जागेवर जा, खाटेवर बसून बघा, आणि टेबल दिसत नसेल तर ते स्वीकारा. नकाशा काढून घ्या, कारण उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येणार.

एक सावधगिरी इथे लागू पडते. साक्षीदाराने सही करताना पाहिलं नसेल तर कर्त्याची कबुली 'स्वतः' मिळालेली असावी लागते. मुलाने कागद पुढे करून 'आईची सही झालीय, तू कर' म्हणणं ही आईची कबुली नव्हे. तुमचा साक्षीदार पाहिल्याचंच सांगतो, तर त्याला कबुलीच्या वाटेने नेऊ नका. दोन्ही एकदम सांगायला लावलं की विसंगती तयार होते.

कैफियत_आणि_मुद्दे

पावलं सांगतो. मुद्दे काढल्यापासून (कोर्टाने वादाचे प्रश्न ठरवल्यापासून) १५ दिवसांत दिलेल्या साक्षीदारांच्या यादीत मेहुण्याचं नाव आहे का बघा. नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६, नियम १ खाली परवानगीचा अर्ज, नाव का राहिलं याच्या कारणासह. 'मूळ दस्तावरचा साक्षांकन करणारा साक्षीदार' हे कारण भक्कम आहे, पण अर्ज पुरसिसच्या आधी पडायला हवा. तो स्वतःहून येणार असेल तर समन्सशिवाय आणा, शपथपत्र द्या. नात्यातला असूनही कचरत असेल तर समन्स काढा आणि सरतपासणी कोर्टात तोंडी घ्या. आजारी असेल किंवा प्रवास झेपत नसेल तर आदेश २६ खाली साक्ष नोंदवायला कमिशनर मागा.

पहिल्या साक्षीदाराच्या शपथपत्रातली 'समक्ष'ची उणीव मेहुणाच भरून काढू शकतो, कारण दारातून त्याने ती सही पाहिली असं तो म्हणतो. हे खरं असेल तर ते त्याच्या शपथपत्रात स्पष्ट हवं. पहिल्याला पुन्हा बोलावण्याचा आदेश १८, नियम १७ चा अर्ज मी शेवटी ठेवेन. ती तरतूद कोर्टाला काही स्पष्ट करून घ्यायचं असेल त्यासाठी आहे, आपल्या पुराव्यातलं भोक बुजवायला नाही, आणि विरुद्ध बाजू नेमकं हेच म्हणेल.

दोन्ही साक्षीदार मयत असते तर वाट वेगळी होती. मग साक्ष्य अधिनियमाचं कलम ६८, जुनं ६९: एका साक्षीदाराचं साक्षांकन त्याच्याच हस्ताक्षरात आहे आणि कर्त्याची सही कर्त्याचीच आहे, एवढं शाबीत करायचं. तिथे दोन्ही साक्षीदारांच्या सह्या शाबीत कराव्या लागत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे. हे सांगतो कारण काही जण मृत्युपत्र तीस वर्षांपेक्षा जुनं म्हणून जुन्या दस्ताच्या गृहीतकावर विसंबतात. मृत्युपत्राला ते गृहीतक लागत नाही.

दिवाणी_ज्युनियर

शपथपत्राचा मजकूर कसा ठेवू? आणि सातबाऱ्यावर या मृत्युपत्राने फेरफार मंजूर झालेला आहे, त्याचा उपयोग?

विरुद्ध_बाजू

फेरफाराचा उपयोग मृत्युपत्र केव्हा बाहेर काढलं ती तारीख दाखवण्यापुरता. महसुली नोंदीने मालकी ठरत नाही, आणि मृत्युपत्राचा वाद असेल तर तो दिवाणी कोर्टातच सुटतो. तरी ती फाइल बघा. तलाठ्याच्या नोटिशीवर मुलींनी तेव्हा हरकत घेतली होती का, वादीने तिथे दिलेल्या जबाबात सहीची जागा वेगळी सांगितली आहे का. 'आईने कचेरीत सही केली' असं तिथे लिहून दिलं असेल आणि मेहुणा खाट सांगत असेल, तर उलटतपासणीत मी तो जबाबच हातात घेईन.

कैफियत_आणि_मुद्दे

मजकूर साक्षीदाराच्या शब्दांतच लिहा, कलमाची भाषा त्याच्या तोंडात कोंबू नका. 'कलम ६३ प्रमाणे साक्षांकन केले' हे वाक्य उलटतपासणीत एका प्रश्नात फुटतं: 'साक्षांकन म्हणजे काय?' क्रम असा ठेवा. तारीख आणि साधारण वेळ. जागा, कोण कुठे बसलं होतं. मृत्युपत्र बाईंना कोणी वाचून दाखवलं आणि त्या काय म्हणाल्या. बाईंनी कुठल्या पानावर अंगठा आणि कुठल्यावर सही केली, आधी काय, नंतर काय, आणि ते त्याने कुठून पाहिलं. मग पहिल्या साक्षीदाराने बाईंसमोर केलेली सही. मग स्वतःची सही: टेबल कुठे, दार, बाईंना तो दिसत होता का. मग पुढे कागद कोणाकडे गेला. शेवटी मूळ दस्त निशाणी (पुराव्यात क्रमांक दिलेला दस्त) म्हणून दाखवून प्रत्येक सही ओळखणं, पानाच्या क्रमांकासह.

जे त्याने पाहिलं नाही ते लिहू नका. वाचून दाखवताना तो नव्हता तर ते वाक्य काढा आणि टायपिंग करणाऱ्याकडून आणा, तिथे तो खरोखर कामाचा आहे. शपथपत्र त्याला स्वतः वाचायला द्या, घाईत सही घेऊ नका. टेबल भिंतीआड होतं असं त्याला तेव्हा आठवलं तर ते कोर्टात आठवण्यापेक्षा तुमच्या कार्यालयात आठवलेलं बरं, मग पक्षकाराला तडजोडीबद्दल विचारायला वेळ उरतो.

दिवाणी_ज्युनियर

परवानगीचा अर्ज तयार करतोय. स्कॅन प्रतीची मागणी नोंदणी कार्यालयात आजच टाकली. रविवारी मेहुण्याबरोबर घरी जाऊन खाट आणि टेबलाची जागा मोजून नकाशा काढतो.

निशाणी_४१

मोजताना दाराची रुंदी आणि ते कोणत्या बाजूला उघडतं तेही लिहा. आणि घरात तेव्हापासून काही बदल झालाय का विचारून ठेवा. मधली भिंत पाडली असेल किंवा दार हलवलं असेल तर आजच्या मापाला अर्थ नाही, जुने फोटो शोधावे लागतील.